शिकंजाकाका आणि ढब्बूचा कान

शिकंजाकाका हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी दिलेलं होतं, आणि काका ते पदवीसारखं मिरवायचे. सलूनच्या पाटीवर रंगवून घ्यायचं तेवढं राहिलं होतं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर पोर बसवायचं, डाव्या हाताचा पंजा टाळूवर, अंगठा कानामागे, की पोराचा पुतळा. उजवा हात कात्री चालवायला मोकळा. दुसरीकडून भोकाड पसरत परत आलेली पोरं आया त्यांच्याकडे आणत. "हाताला गुण आहे हो तुमच्या," असं म्हणत. काका नम्रपणे मान खाली घालत आणि तिथून आरशात स्वतःकडे बघत.

मुलगी नोकरीला परगावी गेली आणि घर चिडीचूप झालं, तेव्हा काकूंनी कुत्र्याचं एक पिलू आणलं. ढब्बू. त्याच्यामुळे काकू पुन्हा घरात मोठ्यानं बोलायला लागल्या, कधीकधी काकांशीसुद्धा. पण थोड्याच दिवसांत ढब्बू मान वाकडी करून फिरू लागला, कान खाजवून कळवळू लागला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "आत सूज आहे. रोज थेंब घालायचे. हयगय झाली तर हा कान जाईल. जमेल का घरी?"

काकूंचा चेहरा उतरला. काका मात्र हसले.

"बाई, अख्ख्या गावाचे कान आजवर या हातानं धरलेत."

"धरायचा नाहीये, औषध घालायचंय," बाई म्हणाल्या. हा बारकावा काकांच्या डोक्यावरून गेला.

घरी त्यांनी रीतसर तयारी केली. सलूनमधलं पांढरं कापड आणलं आणि गिऱ्हाइकाला घालण्याआधी झटकतात तसं फटकन झटकलं. ढब्बू कपाटाखाली. त्याला ओढून काढला, पंजा टाळूवर, अंगठा कानामागे. ढब्बू ओल्या साबणासारखा सटकला आणि बाटली उडाली.

"औषध तुमच्या भुवईला लागलं," काकू म्हणाल्या. "निदान ती तरी बरी होईल."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला गुडघ्यांत आवळून धरला. त्यानं अंगठा फोडला. काका दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आले. तिथं ते किती हलले, हे काकूंनी शेजारणीला सविस्तर सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून काकांचा डावा हात नुसता दिसला तरी ढब्बू जागच्या जागी मुतायला लागला.

"अहो, तांब्या घ्यायला हात पुढं केलात तरी फडकं आणावं लागतंय मला," काकू म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या बाजूनं ताटली वाजवली तर बघत नाही तो आता."

काकांनी पायांत चपला सरकवल्या. ते सलूनमध्ये गेले.

खुर्चीत पोस्टमन येऊन बसला. लहानपणापासूनचं गिऱ्हाईक, आता चांगला आडदांड बाप्या.

"अंगठ्याला काय झालं काका?"

"वस्तरा लागला."

"वस्तऱ्याला दात कधी फुटले?"

मग काकांनी सगळं सांगितलं. पोस्टमन खांदे हलवून हसला.

"हुशार आहे हो पिलू. मला नाही सुचलं तेव्हा."

"काय नाही सुचलं?"

"चावायचं."

"तू? अरे, तुझ्याएवढं गरीब पोर नव्हतं. मी तुझं उदाहरण द्यायचो लोकांना."

"गरीब कसला. श्वास कोंडून बसायचो. तुमचा हात डोक्यावर पडला की ठरवायचो, हा उठेपर्यंत आपण मेलो. अजून तुमच्या गल्लीत पत्रं टाकायला आलो की टोपी कानांवर ओढून घेतो."

"मग येतोस कशाला माझ्याकडं?"

"बायको पाठवते."

काकांनी आरशात बघितलं. डावा पंजा पोस्टमनच्या टाळूवर होता आणि एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते. त्यांनी हात उचलला. खांदे उतरले. हात ठेवला, खांदे चढले. उचलला, उतरले. त्यांनी आणखी एकदा करून बघितलं.

"काका, केस कापताय की हातपंप मारताय?"

काका हसले नाहीत. आजवर आपण ज्याला हाताचा गुण समजत होतो तो काय होता, हे त्यांना कळलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी सलून बंद ठेवून ते घरी जमिनीवर बसले. एका मुठीत उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, दुसऱ्या मुठीत थंड लागू नये म्हणून औषधाची बाटली. ढब्बू लांबूनच वास घेत होता. काकांनी त्याला येऊ दिलं. मानेला बोट लावलं आणि त्यानं अंग चोरायच्या आत काढून घेतलं. मग तुकडा. पुन्हा बोट, पुन्हा तुकडा. काम एवढंच, पण काकांना घाम फुटला. त्यांच्या हाताला पडायची सवय होती, उठायची नव्हती.

"आशीर्वाद देताय का त्याला?" काकूंनी दारातून विचारलं.

"घेतोय," काका म्हणाले.

डोळ्याचं पातं लवायच्या आत डोकं भादरणारा माणूस एका कानाला बोट लावायला अख्खी दुपार घेत होता. पुढच्या दुपारीही तेच. गिऱ्हाइकं बंद दार बघून झिपऱ्या घेऊन परत जात होती. मानेवरून बोट कानाच्या मुळाशी गेलं. मग कान नुसता उचलून सोडला. मग झाकण लावलेली बाटली नुसती टेकवली. आणि एकदा ढब्बूनं जांभई देऊन काकांच्या मांडीवर हनुवटी टाकली, तेव्हा थेंब आत गेले. त्यानं डोकं झाडलं, अर्धं औषध पुन्हा भुवईवर आलं, आणि तो तुकड्यासाठी तिथंच बसून राहिला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाल्या, "कांदा चिरत होते." हातात कांदा नव्हता.

औषधाची बाटली संपली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कान तपासला आणि समाधानानं मान हलवली. घरी येऊन काकूंनी त्या बाजूनं ताटली वाजवली. ढब्बू वळला. काकूंनी खात्री म्हणून इतक्या वेळा वाजवली की शेजारीण बघायला आली.

सलून पुन्हा उघडलं त्या दिवशी ढब्बू बाकाखाली बसला होता. एक बाई पोराला ओढत घेऊन आल्या. "शिकंजाकाका, धरा बरं नेहमीसारखं."

काकांनी फळी टाकली. हात ठेवला, उचलला. थोडं कापलं, थांबले. पोरानं मागं वळून त्यांच्याकडं बघितलं, मग बाकाखाली बघितलं, आणि फळीवरून उतरून ढब्बूपाशी जाऊन बसलं. डोक्याची एक बाजू साफ, दुसरीवर जंगल.

"अहो, अर्धंच झालंय," बाई म्हणाल्या.

"येईल तो," काका म्हणाले, आणि कात्री खाली ठेवून स्टुलावर बसले.

बराच वेळ झाला. पोर काही उठेना. बाईंनी बाहेर जाऊन समोरच्या दुकानदाराला विचारलं, जवळपास दुसरं सलून कुठं आहे.