मागच्या खिडकीतलं शून्य

तुमच्या घरामागे आज सकाळी किती चिमण्या होत्या? सांगा बघू. नाही ना सांगता येत? उगाच आकडा ठोकून देऊ नका. घड्याळवाल्याकडून शिका. गेले अकरा हिवाळे तो मोजतोय.

घड्याळवाला म्हणजे चौकातल्या खोकाभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. जिभेने तिखट, पण कामात केसभर इकडचं तिकडे नाही. दर हिवाळ्यात एका ठरलेल्या रविवारी लोक आपापल्या परसातली लहान पाखरं तासभर मोजतात आणि आकडा पक्षीमंडळाला कळवतात. एका नजरेत जास्तीत जास्त जितकी दिसली तितकीच लिहायची. उडून परत आलेली पुन्हा मोजायची नाहीत. पहिल्या वर्षी घड्याळवाल्याच्या परसात एकोणीस चिमण्या भरल्या. गल्लीत पहिला नंबर! मंडळाने पाठवलेला निकालाचा कागद त्याने चौकट करून स्वयंपाकघरात टांगला. पाहुणा आला की आधी चौकट दाखवायची, मग चहा.

यंदा आठच्या ठोक्याला तो खिडकीशी बसला. समोर डाळिंबाचं झाड, कुंपण आणि पलीकडे शेत. पूर्वी कापणीनंतर ते रान थंडीभर तसंच पडून असायचं. सांडलेले दाणे, वाळकं तण, पाखरांची नुसती चंगळ. आता आठवड्याच्या आत नांगर फिरतो. बांधावरची झुडपं तर मुळासकट गेली.

साडेआठ झाले. एक कावळा येऊन गेला, तोही नाराजच दिसला. नऊ वाजायला दोन मिनिटं उरली तेव्हा बायकोला राहवेना.

"अहो, काल दोन आल्या होत्या की. त्याच लिहा."

"घड्याळ आज बंद पडलं, तर गिऱ्हाइकाला काय सांगू? काल चालत होतं म्हणून?"

"मग आज लिहिणार काय?"

"काही नाही. दिसलंच नाही तर लिहायचं काय, कपाळ?" तो ताडकन उठला. "यंदा आपला आकडा जाणार नाही. संपला विषय."

आकडे मोबाइलवरून सूनच पाठवायची. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षीचा अहवाल वाचलात? आपल्या गल्लीत दर घरामागे चिमण्या वाढल्यात म्हणे."

"वाढल्यात? डोळे फुटलेत का त्यांचे?"

"त्यांचे कशाला फुटतील? आधी बारा घरं कळवायची, गेल्या वर्षी चारच. ज्यांच्याकडे एकही आली नाही, ते गप्प बसले; सरासरी उरलेल्या चौघांचीच निघाली. भाजीवाल्या मावशी, समोरचे मास्तर, सगळे. आज तुम्हीही तेच करताय."

बायको पदराआड हसली.

घड्याळवाला पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. लोकांनी बंद घड्याळं घरी दडवली आणि दुकानात फक्त चालणारी आणली, तर तो काय म्हणेल? गावात सगळं ठीकठाक टिकटिकतंय! आणि ही लबाडी आज तो स्वतःच करायला निघाला होता, त्या चौकटीपायी.

"लिही," तो चौकटीकडे न बघता म्हणाला. "शून्य."

"नक्की? गल्लीत कळेल हं."

"कळू दे. मी पहिल्या नंबरासाठी बसत नव्हतो." आणि पुटपुटला, "बसत होतो. आता नाही."

मग पायात चपला सरकवून तो थेट भाजीवाल्या मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मावशी, पाखरं मोजलीत?"

"मोजली की. एक नाही. आता काय पाठवू, भोपळा?"

"भोपळाच पाठवा. नाहीतर तिकडे कागदावर चिमण्या वाढत राहतात आणि इकडे झाड रिकामं."

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकोणीसवाले भोपळ्यावर आले? मग मला कसली लाज!"

मास्तरांनी आधी नियमांवर वाद घातला, मग पाठवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतून सात शून्यं गेली. त्यामुळे चिमणी एकही परत आली नाही, हे खरं. पण नाहीत हे आधी कळल्याशिवाय शेताच्या बांधावर झुडूप लावा म्हणून भांडायचं कोणत्या तोंडाने?

म्हणून सांगतो, यंदा तुम्हीही तासभर खिडकीशी बसा. आणि एकही आली नाही, तर रकाना कोरा ठेवू नका. शून्य लिहा आणि पाठवा.