तळाला घातलेला गुलमोहर

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. ओठांशी येतं आणि मी भलतंच काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. आज तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तो बुंधा यंदा पुन्हा फुटलाय, म्हणून.

मुलुंडला माझी लाकडाची वखार आहे, वडिलांपासूनची. आता लाकूड कोण जाळतं, असं लोक विचारतात. जाळतात की. बेकरीवाले बाभूळ नेतात. तिचा निखारा टिकतो, म्हणून भावही चढा. लग्नाचे आचारी सुका आंबा मागतात, मयतालाही आंबाच लागतो. गुलमोहर मात्र कोणी मागत नाही. पोचट लाकूड, पाणी धरून बसणारं. रस्त्यावरचं झाड पडलं की ठेकेदार ओंडके आमच्याकडे टाकतो, आणि ते कुणाच्या तरी मालात खालून निघून जातात. ओलं लाकूड काट्यावर जडही भरतं. बाबा म्हणायचे, "आचारी परत येतो, बेकरीवाला परत येतो. मयताचं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि वाकून बघतही नाही." मी ते धंद्याचं शहाणपण म्हणून शिकलो.

वखारीसमोर एक गुलमोहर होता. त्याच्याखाली दत्तारामची इस्त्रीची गाडी. कोळसा माझ्याकडूनच न्यायचा, आणि रोज तेच म्हणायचा, "शेठ, तुमच्या कोळशात दगडच जास्त. शर्ट जळायचा सोडून फुटेल एखाद दिवस!" मी हसायचो. तोही हसायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते झाड पडलं. पाऊस नाही, वारा नाही, पानही हलत नव्हतं. फुटपाथ पक्का करताना मुळं तोडली होती म्हणे. आवाजसुद्धा फारसा झाला नाही — कोणीतरी मोठा उसासा टाकावा तेवढाच. आम्ही धावलो तेव्हा इस्त्री अजून गरम होती, कोळसा फुललेला होता, आणि सगळीकडे लाल पाकळ्या.

दत्तारामचा देह तपासणीला नेला. संध्याकाळपर्यंत बुंधा तेवढा जागेवर ठेवून, रस्ता मोकळा करून ठेकेदाराने ओंडके — कुठे टाकले असतील? नेहमीच्याच जागी. माझ्या वखारीत.

दुसऱ्या दिवशी दत्तारामचा थोरला भाऊ आला. आमच्या गावठाणाच्या स्मशानात लाकूड घरच्यांनीच आणायचं असतं. काट्याकडे पाठ करून तो उभा राहिला. एवढंच म्हणाला, "सुका आंबा द्या हां, शेठ. ओलं नको. भाऊ आहे माझा."

सुका आंबा होता माझ्याकडे. पण तो आचाऱ्याला कबूल केलेला होता, लग्नाचा मोसम होता...

नाही. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय, तुम्हाला नको. मी वरून आंबा ठेवला आणि खाली गुलमोहर भरला. कालचाच गुलमोहर. ज्याने त्याला मारलं, तोच. सालीला पाकळ्या चिकटलेल्या होत्या, त्या मी हाताने पुसून काढल्या. भाव सगळ्याचा सुक्या आंब्याचा लावला.

सरण धरेना. वरचा आंबा भडकून गेला, आणि खालचं नुसतं धुमसत राहिलं. ओंडक्यांच्या तोंडांतून पाणी गळायला लागलं, फेस यायला लागला. मग तो आवाज सुरू झाला — बारीक, लांबलचक, कण्हल्यासारखा. ओलं लाकूड तापलं की आतली वाफ असा आवाज करते. लहानपणापासून ऐकलाय मी तो. तिथे उभ्या असलेल्यांपैकी तो नक्की काय आहे हे मला एकट्याला कळत होतं.

गावठाणातले म्हातारे नाना, अशा वेळी सगळं तेच बघतात, हळूच म्हणाले, "जीव अडकलाय. घरातलं काही राहिलंय काय?" मग दत्तारामची बायको सुनंदा, फाटकापाशी बायकांत उभी होती, तिला आत बोलावलं. "बोल गं पोरी. काही राहिलं असेल तर आत्ताच बोल."

तेव्हा मला कळलं. त्या सकाळी त्याचं डोकं दुखत होतं, कामावर जायचं नव्हतं. दोघांचं भांडण झालं, आणि ती म्हणाली होती, "घरात नका बसू. जा, त्या झाडाखालीच राहा."

हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. हात जोडून सरणाला म्हणाली, "मी बोललेलं माघारी घेते. रागावू नका. जा आता तुम्ही."

आणि होती नव्हती ती आगही बसली. नुसता धूर. आणि तो आवाज.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं हो — "लाकूड ओलं आहे, मी दिलंय." चार माणसांनी मला दोन तडाखे दिले असते, इतकंच ना? माझी जीभ उचलली नाही. शेवटी कोणीतरी डिझेल आणलं. ओतायला मीच पुढे झालो. लोक म्हणाले, वखारवाल्याने शेजारधर्म पाळला.

सुनंदाने पुढे तीच गाडी चालवायला घेतली, त्याच जागी, बुंध्याशेजारी. मयताचं गिऱ्हाईक परत आलं, बाबा. आठवड्याला कोळशासाठी येते. मला भाऊ म्हणते. "भाऊ, तुम्ही चांगलं लाकूड दिलं होतंत, तरी त्यांनी नाही घेतलं. माझ्या बोलण्याचाच राग." हे तिने माझ्या तोंडावर म्हटलंय. एकदा नाही.

बुंध्याला रोज सकाळी ती तांब्याभर पाणी घालते. पालिकेची माणसं फुटवे छाटून जातात, ते पुन्हा येतात. या वर्षी खांद्याइतके वाढलेत.

परवा कोळसा घ्यायला आली तेव्हा तिकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा भाऊ. मी म्हटलं होतं ना, तिथेच राहा. राहिलेत." आवाजात रडं नव्हतं, काहीच नव्हतं. पिशवी उघडी धरून उभी राहिली.

मी कोळसा तोलला, दगड वेचून काढले, आणि पिशवीत ओतला.