रजिस्टरबाईंनी भरलेले फॉर्म

चर्चसाठी पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणाऱ्या त्या सेमिनरीत रजिस्टरबाई सत्तावीस वर्षं कारकून होत्या. नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि बाईंना ते आवडायचंही. हजेरीपट, गुणपत्रकं, जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते, सगळं त्यांच्या हातचं आणि बिनचूक. एकदा लंबू नावाच्या ताडमाड मुलाची हजेरी त्याच्या मित्राने लावली, तर बाईंनी भर वर्गात येऊन ती खोडली. वर ऐकवलं, "उद्या मंडळीपुढे उभं राहून खरं बोलायचंय ना? मग सवय आजपासून लावा."

त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. मान्यता गेली तर पदवी म्हणजे नुसता कागद, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. समितीचं यंदा एक नवीनच मागणं होतं. इमारत, ग्रंथालय, प्राध्यापकांच्या पदव्या तर ती पाहणारच; पण इथं शिकलेलं पुढे सेवेत काय कामाला आलं, ते जुन्या विद्यार्थ्यांच्याच तोंडून हवं. बाईंनी एकशे वीस जणांना फॉर्म पाठवले. महिना उलटला. आले अकरा.

"निदान निम्मे तरी हवेत हो," प्राचार्य म्हणाले. दारात जरा घुटमळले. "तुम्ही या पोरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. बघा काहीतरी."

काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. दुपारच्या सुट्टीत त्या दाराला कडी लावून बसू लागल्या. पहिला फॉर्म भरायला अख्खी सुट्टी लागली. दहाव्यापर्यंत हात सरावला. विसाव्यानंतर तर मजा यायला लागली, आणि पुढे तेच त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. कुणाचं अक्षर डावीकडे झुकतं, कोण वेलांट्या विसरतो, सगळं पाठ होतं त्यांना. आठवड्याभरात पन्नासेक फॉर्म झाले. खरोखर आलेल्या अकरांपैकी चारांत तक्रारी होत्या. ते त्यांनी खणात तळाशी सारले.

समितीच्या अध्यक्षा वयस्कर, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. गठ्ठा चाळता चाळता त्या एका फॉर्मपाशी थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "'आजारी माणसाच्या उशाशी गप्प कसं बसावं, हे मी इथं शिकलो. बाकी सगळं विसरलो तरी चालेल.' किती छान लिहिलंय! मला या माणसाशी बोलायचंय. नंबर आहे?"

नंबर होता. बाईंच्या वहीत सगळ्यांचेच असायचे. त्यांनी तो स्वतःच्या तोंडाने सांगितला, आणि अध्यक्षांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवला.

"फॉर्म?" पलीकडून लंबूचा आवाज आला. "नाही हो, मला काही आलं नाही. मागेच घर बदललं मी. आणि मॅडम, पाळकाची सेवा सोडून चार वर्षं झाली. गाद्यांच्या दुकानात असतो."

"मग हे आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचं?"

"तेच तर जमलं नाही. पहिल्याच वर्षी मंडळीतल्या एक बाई शेवटच्या घटका मोजत होत्या. मी दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. काय बोलायचं, कसं बसायचं, कुणी शिकवलंच नव्हतं. कुणी लिहिलंय हे?" मग तोच म्हणाला, "रजिस्टरबाईंना विचारा. त्या खोटं खपवून घ्यायच्या नाहीत."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं बाईंना झालं. प्राचार्य घाईने म्हणाले, "टपालात काहीतरी घोळ झालेला दिसतोय."

"घोळ नाही," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय. हा आणि असे पन्नास."

प्राचार्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. अध्यक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग खरे किती आले?"

"अकरा. सात तुमच्या गठ्ठ्यात आहेत," म्हणत बाई उठल्या, कार्यालयात गेल्या, खणातले चार फॉर्म आणून टेबलावर ठेवले. चौघांनीही वेगवेगळ्या शब्दांत तेच लिहिलं होतं: बायबलसाठी ग्रीक व्याकरण शिकलो, पण दुखऱ्या माणसाजवळ बसायला शिकलो नाही.

मान्यता वर्षभरासाठी अडकली. शेवटच्या वर्षाची मुलं कार्यालयाबाहेर जमली. "बाई, आता आमचं काय?" एवढंच एकाने विचारलं. बाईंनी राजीनामा दिला, प्राचार्यांनी तो मुकाट्याने घेतला. 'बघा काहीतरी' हे शब्द त्यांनी कुणाला सांगितले नाहीत, बाईंनीही नाहीत. कडी तर आपणच लावली होती. घरी नवरा समजूत घालायचा, "अगं, सगळीकडे असंच चालतं." त्याने त्या आणखीच खजील व्हायच्या.

पुढे सेमिनरीने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस इस्पितळात पाठवायला सुरुवात केली आणि मान्यता परत मिळाली. बाईंना ते दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतर कुठे त्यांना गाद्यांच्या दुकानात जायचं धाडस झालं.

लंबूने लगेच ओळखलं. एका गादीवरचं प्लास्टिक सारून म्हणाला, "बसा, बाई."

"तुझ्या नावाने मी खोटं लिहिलं. माफी मागायला आलेय."

"कळलं मला. पण पुरतं काय लिहिलं होतंत? फोनवर कुणी वाचून दाखवलंच नाही."

कागद नव्हता, पण प्रत्येक ओळ पाठ होती. मान खाली घालून त्यांनी म्हणून दाखवलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. गादीची शिवण नखाने उगाच खरवडत राहिला.

"चांगला माणूस लिहिलात तुम्ही," तो म्हणाला. "मी तसा झालो असतो तर बरं झालं असतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो मापं सांगायला उठला. त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, मग निघाल्या. त्याने मागून "या परत" म्हटलं, पण ते दुकानदार सगळ्यांनाच म्हणतात.