डाग न पाडणारी होत्तोक

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी बायकोनं बाजारात उभं राहून मिटक्या मारत खाणं म्हणजे हद्दच झाली! मालसूनबाईला कळत नव्हतं असं नाही. गेलेल्या माणसाच्या आधी घास तोंडात घालू नये, हे तिनंच सुनेला दटावून दटावून शिकवलेलं. पण सकाळपासून मासे आणि भोपळ्याचे काप तळून जीव आंबला होता, बूसानच्या बंदरावरून बोचरा वारा येत होता, आणि समोरच्या गाडीवर तवा चुरचुरत होता. आधी तिखटजाळ तांदळाच्या वड्या झाल्या. मग काडीला लावलेली माशाची वडी, त्यावर कढत रस्सा. आणि शेवटी होत्तोक, सारण भरून तव्यावर तळलेली गोड पोळी! वरून कुरकुरीत, आत भाजलेल्या बिया आणि वितळलेली साखर. पहिल्याच घासाला साखर ओघळून बाहीवर आली.

"अहाहा!" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. मेली माझी जीभ, काय म्हणावं हिला!

ती आली होती ती नवऱ्यासाठी, दूशिकसाठी होत्तोक न्यायला. श्राद्धाच्या टेबलावर त्याच्या आवडीचं मांडायचं, आणि त्याची आवड हीच. जिवंतपणी तिनं त्याला ती खाऊ दिली नव्हती. त्याला मधुमेह होता. एकदा त्याला याच गाडीवर रंगेहाथ पकडून तिनं भर बाजारात आकाशपाताळ एक केलं होतं. गाडीवालीला, म्हणजे यॉनजूच्या आईला, म्हणाली होती, "पुन्हा यांच्या हातात दिलीस तर तवा उलटा करीन तुझा!" आणि एवढं जपून शेवटी माणूस गेला तो न्यूमोनियानं.

"यॉनजूची आई, त्यांच्यासाठी एक बांधून दे गं. ते घ्यायचे तीच. आज त्यांचं श्राद्ध आहे."

यॉनजूच्या आईचा हात तव्याच्या डाव्या बाजूला गेला आणि थबकला. "काकू, काका लाल चवळीच्या पुरणाची खायचे. ती कशी मांडणार?"

 लाल चवळीनं भुतंखेतं पळतात, म्हणून ती श्राद्धात वर्ज्य. टेबलावर ठेवली तर दूशिक दारातूनच मागे फिरायचा. जिवंतपणी आपण हाकललं, आता मेल्यावरही आपल्याच हातून! मालसूनचे डोळे भरून आले.

"अशी कशी त्यांची आवड? नेमकी वर्ज्य असलेलीच बरी आवडायची!"

"आवड कसली, काकू? जीव होता तो साखरेच्या होत्तोकवर. पण एकदा शर्टावर डाग पडला नि तुम्ही घरी पकडलंत म्हणे. तेव्हापासून म्हणायचे, 'पुरणाचीच दे बाई, ती ओघळत नाही. आमच्याकडे शर्ट तपासतात.' हसायचे आणि!" ती जराशी घुटमळली. "तुम्ही भांडून गेलात, त्यानंतर मी कधीच दिली नाही. तरी यायचे. रस्सा प्यायचे, इथं कडेला उभे राहून वास घ्यायचे नि जायचे."

 मालसून शर्ट खरंच तपासायची. कॉलर, बाह्या, खिसेसुद्धा. काळजीच होती ती, पण माणूस घरात चोरासारखा जगला. आणि डॉक्टर तरी काय म्हणाले होते? कधीमधी अर्धी चालेल. ते तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. अर्धी दिली की अख्खी खाईल, म्हणून दाबून ठेवलं होतं.

"साखरेची दे," ती म्हणाली. "सारण हात सैल सोडून भर."

संध्याकाळी टेबल मांडलं. भात, मासे, फळं, आणि पुढच्या ओळीत होत्तोक. दूशिकनं आत यावं म्हणून दार उघडं ठेवलं. सुनेनं सासूच्या बाहीकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं, पण बिचारी बोलली नाही. मुलगा सोकजू नैवेद्याची दारू ओतायला वाकला, तर होत्तोक फुटून साखर टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर पसरत चाललेली.

"आई, ओघळतंय हे सगळं. पुसू का?"

"हात लावू नकोस!" मालसून केवढ्यानं तरी ओरडली. मग नवऱ्याच्या फोटोकडे पाहून, डागाळलेली बाही पुढे करून, हळूच म्हणाली, "खा हो सावकाश. ओघळलं तर ओघळू दे. आज शर्ट कोणी बघत नाही."