ताप चालणार नाही

बाप मिळत नव्हता. मुलगा मिळाला होता, मुलाचा मित्र मिळाला होता, आणि शाळाशाळांतून फिरवायच्या आमच्या पाऊण तासाच्या नाटकाला आठच दिवस उरले होते. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विजय नगरपासून पार बाहेर बरगीकडच्या गावांपर्यंत प्रयोग ठरलेले. बाप नाही तर नाटकच नाही, कारण ते सगळं बापावरच होतं. नववी-दहावीच्या पोरांना सांगायचं होतं की पुरुषाचंही मन आजारी पडतं आणि ते बोलून दाखवल्याने मिशी गळून पडत नाही. मिशीची ओळ माझी होती. एका मुख्याध्यापकांनी ती काढायला लावली, त्याचा राग मला अजून आहे.

शाळेतली हिंदी शिकवायची नोकरी सोडून मी नाटकं बसवायला लागले होते. निवडीसाठी कांचघर वस्तीतल्या आमच्या बुद्धविहाराचा हॉल तीन दिवस मिळाला. त्याची चावी माझ्या वडिलांकडे असायची. रेल्वेत सिग्नलच्या कामावरून ते रिटायर झालेले, आई गेल्यापासून कांचघरलाच एकटे राहायचे, आणि विहार उघडणं, झाडणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. हॉलमध्ये कोणी असेपर्यंत चावीवाल्याने हलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे तीनही दिवस ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते.

आलेली माणसं जयंतीच्या नाटकांत गाजलेली. माईक नसला तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत आवाज पोचवणारी. रडा म्हटलं असतं तर एकेकाने बादली भरून दिली असती. पण मला रडणं नको होतं. मी प्रत्येकाला एकच प्रसंग देत होते. सकाळ झाली आहे, तुम्हाला उठवत नाही, कित्येक दिवस कशातच मन लागत नाही. साहेबांना फोन करा आणि आज कामावर येत नाही म्हणून सांगा. अट एकच, ताप चालणार नाही.

फोनवर पलीकडून बोलायला साहेब हवा होता, म्हणून मी वडिलांनाच बसवलं. "तुम्ही फक्त 'क्या हुआ' विचारायचं, आणि शेवटी 'ठीक है, आराम करो' म्हणायचं."

"साहेब असं नाही म्हणत कधी," ते म्हणाले.

"आपला साहेब म्हणतो," मी म्हणाले.

पहिल्याने फोन कानाला लावला, खाकरला आणि म्हणाला, "सर, रात से लूज मोशन है." मी म्हटलं, तेही चालणार नाही. दुसऱ्याने फोनवर मावशीला मारून टाकलं. तिसऱ्याने बायकोला दवाखान्यात भरती केलं. चौथा डिफेन्स फॅक्टरीतला, चांगला उंचापुरा, आल्या आल्या लढाईचं भाषण म्हणून दाखवणारा. तो फोन तसाच हातात धरून माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दीदी, झूठमूठ में भी कैसे बोलूँ? सेक्शन में किसी को पता चल गया तो?"

तीन दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा माणूस गेला, तशी मी हातातले कागद सतरंजीवर आपटले. "एवढी साधी गोष्ट तोंडातून निघत नाही का हो माणसांच्या?"

वडील उठले. मला वाटलं, कुलूप लावायला उठले. पण त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खिशातून फोन काढला.

"तू साहेब हो," ते म्हणाले. "मी करून पाहतो."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले.

"नमस्ते साहब. मैं आज नहीं आ पाऊँगा."

"क्या हुआ?"

"वो, कमर..." ते थांबले. कंबरही चालणार नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "कमर नहीं है, साहब. कमर ठीक है. तब भी ठीक थी."

तेव्हा म्हणजे केव्हा, ते मला एका क्षणात कळलं. मी पाचवीत होते. वडील महिनाभर सिकमध्ये होते. आजारपणाच्या रजेला रेल्वेवाले सिकच म्हणतात. भिंतीकडे तोंड करून ते पडून असायचे. आई सांगायची, कंबर धरली आहे. रोज संध्याकाळी मी तव्यावर खडेमीठ गरम करायची, त्यांच्या जुन्या रुमालात पुरचुंडी बांधायची आणि त्यांच्या कंबरेला शेक द्यायची. ते काम माझं, आणि त्याचा मला कोण अभिमान! माझ्या शेकाने बाबा बरे झाले, हे मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.

"ताप मोजता येते," वडील फोन खिशात ठेवत म्हणाले. "कंबर कोण मोजते? म्हणून कंबर सांगितली. डॉक्टरले सांगितली, तुझ्या आईले पण."

"मग झालं काय होतं?"

"काहीच नव्हतं झालं, बेटा. काही झालं असतं तं सांगितलं असतं ना."

आधी मला राग आला. खोटं कशाला सांगू, खूप राग आला. "त्या तव्यावर माझं बोट भाजलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे मले," ते म्हणाले.

मग मात्र मला रडू आलं. तीन दिवस मी परक्या माणसांना बोलत नाही म्हणून झापत होते आणि दिव्याखाली हा अंधार. ते माझ्या शेजारी उभे राहिले. डोक्यावर हात ठेवणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून माझे कागद गोळा करून त्यांनी नीट एकावर एक लावले.

"बाबा, नाटकात कराल हे?" बोलून गेले आणि लाजच वाटली.

"ताप नाही म्हणायचं, एवढंच ना?" ते म्हणाले. "जमते."

जमलं. चार शाळांत जमलं. मागच्या बाकांवरची पोरं सुरुवातीला खिदळायची, आणि हा म्हातारा काही नाटक करून नाही राहिला, हे लक्षात आलं की गप्प व्हायची. पाचवा प्रयोग बरगीकडच्या एका शाळेत होता. व्हॅन यायला तासभर होता आणि मी माझ्या विजय नगरच्या घरी सामान बांधत होते, तेव्हा वडिलांचा फोन आला.

"बेटा, मी आज नाही येत."

"काय झालं?"

"ताप नाही," ते म्हणाले. "कंबर बी नाही."

मला त्यांना सांगायचं होतं की मुलं मैदानात वाट पाहत बसतील, तुमच्याशिवाय काहीच होणार नाही. मी म्हणाले, "ठीक आहे, आराम करा. मी येते."

मग शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक चिडलेच. "क्या हुआ उनको? बुखार है?"

हो म्हणायला जीभ किती पटकन वळते! मी स्वतः नियम केलेला, आणि हो माझ्याही दातांपर्यंत आलं होतं. "नहीं सर," मी म्हटलं, "बुखार नहीं है. आज उनका मन ठीक नहीं है." मग ते म्हणाले, "अच्छा. चलो, अगले हफ्ते रख लेते हैं."

कांचघरला पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्वयंपाकघरात गेले, तवा ठेवला, खडेमीठ तापवलं आणि दांडीवरच्या त्यांच्या रुमालात बांधलं.

"काहून करून राहिली?" ते म्हणाले. "कंबर नाही दुखत, सांगितलं ना तुले."

"माहीत आहे मले," मी म्हणाले.

मग त्यांनी बनियन वर केलं आणि पालथे झाले.