घासलेला गुंड

पितळेला चिंच लावली की तो आंबट वास मला गडचिरोलीच्या कोर्टात नेतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे कारकून होतो. धानोऱ्याकडच्या एका बाईचा पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, चोरीला गेला होता; तिच्या आईची तेवढीच वस्तू उरलेली. जप्त केलेला गुंड कोर्टात शोभून दिसावा म्हणून हवालदारानं तो चिंचेनं लखलखीत घासून आणला होता.

"बाई, हा तुमचाच का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माह्या गुंडाच्या बुडाले धुराचा काळा चांद होता, साहेब. हा तं नवरदेवावानी चमकून राह्यला. शपथ घेतली, आता माहाच म्हणून कशी सांगू?"

पुरावा अपुरा ठरला. आरोपी सुटला, गुंड सरकारजमा झाला. त्या नवरदेवावर तेव्हा सारं कोर्ट हसलं होतं. आता पितळ घासताना बुडाचा काळा डाग मी तसाच ठेवतो.