नाक्यावर उघडलेला डबा

आमच्याकडच्या पहिल्या चित्रपटात मी आई होतो. वय बावीस, अंगावर नऊवारी, ओठावर घाईघाईनं भादरलेलं मिसरूड. आणि माझा मुलगा माझ्याहून चांगला थोराड, त्याचं पोट तर खुद्द मलाच घाबरवायचं.

मुलूख तेव्हा निजामाचा. हिंगोलीतल्या आमच्या फोटोवाल्या काकांनी हातानं फिरवायचा जुना कॅमेरा मिळवला आणि शिरड शहापूरच्या रानात, तांड्यावर, सबंध सुगीभर चित्रीकरण केलं. आवाज भरायची ऐपत नव्हती, म्हणून चित्रपट मुका. फिल्म धुवायची सोय आमच्याकडे कुठंच नव्हती. फिल्मचे चार डबे बैलगाडीत घालून आम्ही वऱ्हाडातून पुढं मुंबईला निघालो.

हद्दीवर, कनेरगावला, जकातीचा नाका. नाकेदारानं डबा कानाशी हलवला.

“डब्बे खोलो.”

काका गाडीतून जवळजवळ पडलेच. “न्हाई साहेब! फिल्म धुतली न्हाई अजून. उजेड लागला की चित्र मरतं.”

“चित्र मरतं, अफू मरत न्हाई. खोलो.”

काकांनी त्याचे पाय धरले. त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. “साहेब, सरकारनं हिंगोलीत फिल्म धुवायला एक अंधारी खोली बांधून दिली असती, तर आमी हे डबे घेऊन काहून वणवण केली असती? इथल्या चित्रपटाला जकात माफ करा, थोडा हात द्या. आमचं रान, आमची माणसं आमीच दाखवतो. आमच्या लेकरांनी जन्मभर मुंबईचे राजवाडेच पाहायचे का?”

“बराबर हाय,” नाकेदार म्हणाला. “पण मी सरकार न्हाई. मी नाका हाय.”

मग मी आईच्या आवाजात हंबरडा फोडला. गावच्या नाटकात माझ्या या हंबरड्याला हमखास टाळी पडायची.

“इसे पानी पिलाव,” नाकेदार म्हणाला. पण जरा विरघळला असावा. “एक खोलो. बाकी छोडता.”

काकांचा हात डब्यांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. “तुझ्या मरणाचा देतो,” ते मला म्हणाले.

“काका, तो माझा सगळ्यात चांगला प्रसंग!”

“बाकीच्यात सुगी हाय, तांडा हाय. तू काय, रोज मरतोस.”

नाकेदारानं पट्टी उपसून उन्हात धरली. “तस्वीर किधर है?”

“तुमी पाहिलं अन् गेली, साहेब.”

तो घाबरून पट्टी परत गुंडाळू लागला. तेवढ्यानं काही भरून येणार असल्यासारखा.

उरलेले तीन डबे मुंबईहून धुऊन आणले आणि कळमनुरीच्या बाजारात पडदा लावला, तेव्हा आत्ता पीठ मळणारी आई पुढच्याच क्षणी सरणावर. “आरं, म्हातारी कवा मेली?” लोक ओरडले. काकांनी यंत्र थांबवलं आणि मला लुगड्यासकट पडद्यापुढं ढकललं. मी असा मेलो की बाया पदर तोंडाला लावून रडल्या! काका मात्र पांढऱ्या पडद्याकडं पाहत होते.

गावोगाव मेलो. मग मला खरोखरचा ताप आला, खेळ बंद पडला, आणि काकांनी कॅमेरा विकला. त्यांच्यानंतर आमच्याकडं कुणी कॅमेरा हाती घेतला नाही. निजाम गेला, नाका उठला. सरकारचा कुणी माणूस भेटला की मी हसवून हसवून तीच एक अंधारी खोली मागतो. तो पोट धरून हसतो आणि निघून जातो.